‘घेतील का वो ह्याला तिथं?’

गेल्या ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा आपल्या शाळेतील कार्यक्रम आटोपला होता. भोजनाची शेवटची पंगत उठली होती आणि मुले मैदानावरच्या सतरंज्या गुंडाळत होती. मंचाच्या एका कोपऱ्यात बारावीतील एक मुलगा ढोलकी गवसणीत घालत होता. त्या संध्याकाळी त्याने सलग दोन तास साथ केली होती. सात-आठ जण गायले. कोणी काळी एकमध्ये गाई, कोणी काळी दोनमध्ये. कोणाची लय संथ, तर कोणाची धावती. हा मुलगा दर गाण्याआधी पेटीचा सूर कानाने टिपे, ढोलकीच्या कड्या सरकवी, एक थाप मारून पाही आणि मगच गायकाकडे बघून मान हलवी. दोन तासांत एकदाही त्याची सम चुकली नाही.

त्याची आई त्या दिवशी पहाटेच्या एसटीने गावाहून आली होती. ती जवळ आली, ‘जयभीम सर’ म्हणाली आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली. मुलाला विद्यापीठात संगीत शिकायला जायचे आहे, हे तिला नुकतेच कळले होते. अखेर तिने विचारले, ‘सर, घेतील का वो ह्याला तिथं?’

‘घेतील की! का नाही घेणार?’ असे मी चटकन म्हणालो. तिला बरे वाटले. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. कारण माझे उत्तर अर्धेच खरे होते. उरलेले अर्धे उत्तर सर्व माजी विद्यार्थ्यांसमोर आणि पालकांसमोर मांडावे, म्हणून स्मरणिकेची ही पाने मी मागून घेतली आहेत.

आधी खरा असलेला अर्धा भाग सांगतो. दार आहे, आणि ते सार्वजनिक आहे. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात ललित कला केंद्र आहे. मुंबई विद्यापीठात संगीत विभाग आहे आणि लोककला अकादमीही आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे. विदर्भातील अनेक महाविद्यालयांत बी.ए.ला संगीत हा विषय घेता येतो. राज्याबाहेर जायची तयारी असेल, तर छत्तीसगडमधील खैरागढ येथे 1956 साली स्थापन झालेले इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे आणि बनारस हिंदू विद्यापीठात संगीताची जुनी, नामांकित विद्याशाखा आहे. पदवीला बहुतेक ठिकाणी बारावी कोणत्याही शाखेतून उत्तीर्ण असली तरी चालते. केंद्रीय विद्यापीठांसाठी 2022 पासून सीयूईटी ही सामाईक परीक्षा आली आहे. राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांत अनुसूचित जातींसाठी 13 टक्के जागा राखीव असतात. खाजगी संस्थांशी तुलना करता शुल्क कमी असते आणि शिष्यवृत्तीचा आधार असतो. म्हणजे ‘तिथे आपल्यासाठी जागाच नाही’ असे कोणी म्हणत असेल, तर ते खरे नाही.

आता उरलेला अर्धा भाग. संगीताच्या प्रवेशाचे अंतिम माप बारावीच्या टक्केवारीत नसते. ते प्रात्यक्षिक चाचणीत असते. दहा-पंधरा मिनिटांत परीक्षकांसमोर काही वाजवायचे वा गायचे, विचारलेला ताल हातावर टाळी-खाली दाखवत म्हणायचा, राग ओळखायचा, शिक्षण कोणाकडे झाले ते सांगायचे. राखीव जागा त्या खोलीच्या उंबरठ्यापर्यंत आपल्याला सन्मानाने नेते. खोलीतली ती पंधरा मिनिटे ज्याची त्यालाच निभवावी लागतात.

त्या खोलीत मी स्वतः बसलो आहे, म्हणून हे सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी याच वसतिगृहातून बारावी होऊन मी एका विद्यापीठाच्या चाचणीला गेलो. काखेत ढोलकी होती. समोर तीन परीक्षक होते. त्यांनी ढोलकी बाजूला ठेवायला सांगितली आणि तबल्याची जोडी पुढे केली. ‘तीनताल वाजवा,’ ते म्हणाले. ऐकून ऐकून जो ठेका हाताला बसला होता तो मी वाजवला. मग ‘पढंत करा’ असा शब्द आला. हा शब्द मी आयुष्यात प्रथमच ऐकत होतो. ठेक्याचे बोल तोंडाने म्हणत हातावर मात्रा मोजून दाखवायच्या, एवढाच त्याचा अर्थ. पण हाताला जे येत होते ते तोंडाला येत नव्हते. ‘गुरू कोण?’ या प्रश्नावर मी ‘वसतिगृहात शिकलो’ असे उत्तर दिले. त्यांपैकी एक जण आपुलकीने म्हणाले, ‘हात चांगला आहे. पुढच्या वर्षी तयारी करून या.’ ते मनापासून बोलत होते, हे आज कळते. त्या दिवशी मात्र मी जिना उतरलो तो आपल्याला काहीच येत नाही, अशी समजूत करून घेऊन.

पुढे तालुक्याच्या गावी तबला शिकवणारे एक शिक्षक भेटले. त्यांनी माझी ढोलकी अर्धा तास शांतपणे ऐकली आणि म्हणाले, ‘केरव्यात तू हे जे भराभर बदलून वाजवतोस ना, त्याला लग्गी म्हणतात.’ त्या एका वाक्याने मला माझे हात परत मिळाले. मी जे वाजवत होतो त्याला नाव होते! शास्त्राच्या पोथीत त्याची जागा होती. फक्त ती पोथी आजवर माझ्यासमोर कोणी उघडली नव्हती.

पण इथेच थांबलो तर मी पुन्हा अर्धे सत्य सांगेन. ‘आमच्या मुलांना सारे येतच असते, फक्त नावे माहीत नसतात’ असे म्हणायला गोड वाटते. ते पूर्ण खरे नाही. आठ मात्रांचा केरवा आणि सहा मात्रांचा दादरा यांत आमचे बालपण गेले. सोळा मात्रांच्या तीनतालात पेशकार मांडणे, एक कायदा घेऊन त्याचे पलटे करत तिहाईने समेवर येणे, दहा मात्रांच्या झपतालात न डगमगता बसणे, ही निराळी विद्या आहे. ती मला अगदी पहिल्या धड्यापासून शिकावी लागली. ढोलकीवर तयार झालेली बोटे तबल्यावर ठेवण्याची रीत बदलायलाच चार महिने गेले. वर्षभराने मला दुसऱ्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. वसतिगृहाने दिलेला कान आणि त्या शिक्षकांनी दिलेली रीत, या दोन्हींच्या बळावर तो मिळाला. एकाच्या बळावर मिळाला नसता.

म्हणून त्या आईच्या प्रश्नाचे नेमके उत्तर असे आहे: प्रवेशाची शक्यता जूनमध्ये अर्ज भरताना ठरत नाही, ती आठवीपासून घडत येते. शहरातील एखादे मूल सातव्या-आठव्या वर्षी क्लासला जाऊ लागते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होतात आणि प्रवेशिका, मध्यमा असे टप्पे ओलांडत सातव्या परीक्षेला विशारद पूर्ण होते. असे मूल बारावीपर्यंत त्या जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर पोहोचलेले असते. आपला मुलगा त्याच चाचणीला येतो तेव्हा त्याने शेकडो रात्री वाजवलेले असते, पण एकही पायरी कागदावर नोंदलेली नसते. दोघांचे कष्ट मोजले तर कदाचित आपला मुलगा पुढेच निघेल. परीक्षकांसमोर मात्र जे मोजता येते तेवढेच येते.

मग आपल्या घरांत संगीताचे रीतसर शिक्षण इतके दूर का राहिले? केवळ गरिबीमुळे, असे मला वाटत नाही. त्यामागे एक इतिहास आहे आणि तो आपल्याच जखमेचा इतिहास आहे. गावगाड्यात वाद्य वाजवणे हे काम जातीने नेमून दिलेले होते. वरातीपुढे, जत्रेत, पालखीपुढे हलगी वाजवायची आणि देवळाच्या पायरीखाली थांबायचे. वाद्याशिवाय कार्य पुरे होत नसे, पण वाजवणाऱ्याला मान नसे. बाबासाहेबांच्या चळवळीने सांगितले की अप्रतिष्ठेची, लादलेली कामे टाकून द्या. आपल्या आजोबांनी ती टाकली. अनेकांनी त्याची किंमत बहिष्काराने मोजली. तेव्हा मुलाच्या हाती ढोलकी पाहून आजही एखाद्या बापाच्या कपाळावर आठी उमटत असेल, तर तिला अडाणीपणा म्हणू नये. त्या आठीत तीन पिढ्यांची आठवण आहे.

परंतु त्याच चळवळीने वाद्य पुन्हा हाती घेतले, हेही आपण विसरू नये. भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलशांतून गावोगाव विचार नेला. सिन्नर तालुक्यातील देशवंडीत 1922 साली जन्मलेल्या वामनदादा कर्डकांनी उभे आयुष्य गीतांना दिले. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज वस्तीवस्तीत पोहोचले. खुद्द बाबासाहेबांनी आयुष्याच्या उत्तरार्धात, इतक्या व्यापातून वेळ काढून, व्हायोलिन शिकायला घेतले होते. त्यांना ते कोणी नेमून दिलेले नव्हते आणि त्यांना त्यावर पोटही भरायचे नव्हते. हा भेद मला फार मोलाचा वाटतो. सक्तीने गळ्यात अडकवलेले वाद्य उतरवणे हा स्वाभिमान होता. आपल्या मर्जीने निवडलेले वाद्य विद्यापीठात जाऊन शिकणे हाही त्याच स्वाभिमानाचा पुढचा टप्पा आहे. पहिले आजोबांनी केले. दुसरे नातवाने करायला हरकत नसावी.

या संदर्भात विद्यापीठांनाही काही सांगणे भाग आहे. वामनदादांच्या गीतांवर मराठी विभागांत संशोधन होते. गीतातील शब्दांना तिथे सन्मानाने खुर्ची मिळाली. मात्र तेच गीत साथीसह पेलणारा मुलगा संगीत विभागाच्या चाचणीला जातो तेव्हा त्याला ढोलकी बहुधा दाराबाहेर ठेवावी लागते. लोककलेसाठी स्वतंत्र व्यवस्था काही ठिकाणी आहे आणि तिचे मोल मोठे आहे. तरीही शास्त्रीय संगीत शिकण्याची इच्छा असलेल्या मुलाने ‘तू लोककलेकडे जा’ हे ऐकून परत फिरावे, हे योग्य नव्हे. त्याला काय वाजवता येते यावरून त्याने पुढे काय शिकावे हे ठरवणे, म्हणजे जुनीच वाटणी नव्या शब्दांत करणे होय.

सोण कोळिविसाची कथा आपल्या शाळेतील प्रत्येक मुलाने ऐकली आहे. श्रीमंताघरचा हा तरुण भिक्खू झाला आणि चंक्रमण करता करता त्याचे पाय रक्ताळले. एवढे करूनही काही साधत नाही, म्हणून तो घरी परतण्याचा विचार करू लागला. तेव्हा भगवान बुद्धांनी त्याला विचारले की, तू घरी असताना वीणा चांगली वाजवीत होतास ना? तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते का? फार सैल सोडल्या तर वाजते का? मध्यम मार्गाचा दृष्टांत म्हणून आपण ही कथा सांगतो. शिक्षक झाल्यापासून मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. शास्त्यांनी धडा सुरू केला तो शिष्याला आधीपासून जे येत होते तिथून. वीणेचे ज्ञान दाराबाहेर ठेवून ये, असे ते म्हणाले नाहीत.

चाचणीतही हेच करता येईल. पहिली पाच मिनिटे उमेदवाराला त्याचे स्वतःचे वाद्य आणि स्वतःचे संगीत सादर करू द्यावे. मग एक अनोळखी स्वरावली ऐकवून ती परत म्हणायला सांगावी, एक नवा तुकडा हाताला देऊन दहा मिनिटांत तो कितपत बसतो ते पाहावे. कान, लय आणि ग्रहणशक्ती यांची परीक्षा अशी होते. निवड झालेल्यांपैकी ज्यांचा पाया कच्चा असेल त्यांच्यासाठी पहिल्या सहामाहीत पायाभूत वर्ग घ्यावेत. याने दर्जा घसरेल, असा आक्षेप येईल. माझे उत्तर असे की दर्जा पदवी देताना काटेकोरपणे तपासावा. तिथे तीनतालात सूट कोणीही मागू नये आणि आपल्या मुलांनी तर मुळीच मागू नये. प्रवेशाच्या वेळी मात्र मूल किती शिकून आले यापेक्षा किती शिकू शकेल हे पाहावे. नाहीतर ज्यांच्या घरी तानपुरा होता त्यांनाच सार्वजनिक पैशातून पुढचा तानपुरा मिळत राहील.

विद्यापीठे बदलतील तेव्हा बदलतील. आपली शाळा मात्र येत्या जूनपासून चार गोष्टी करू शकते. पहिली गोष्ट ही की, आठवीपासून आठवड्यातून दोन तास रीतसर संगीतवर्ग भरवावा आणि इच्छुक मुलांना मंडळाच्या परीक्षांना बसवावे. शास्त्रीय संगीताच्या परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांना, तसेच लोककलेत सहभाग असणाऱ्यांना दहावीत अतिरिक्त गुण देण्याची शासनाची तरतूद आहे. तिच्या अटी वेळेत वाचून प्रस्ताव वेळेत पाठवणे एवढेच आपल्या हाती आहे. दुसरी गोष्ट, वंदनेच्या वेळी रोज सकाळी तीनशे मुले एका सुरात त्रिसरण-पंचशील म्हणतात. त्या सुराला पेटीवर काय म्हणतात, हे त्यांना त्याच वेळी सांगावे. कान घडवण्याची एवढी मोठी शाळा आपल्याकडे आधीपासून आहे.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. ऐकायला रुक्ष वाटते, पण चांगला हात असलेली दोन मुले या कागदांपायी मागे राहिलेली मी पाहिली आहेत. जातीचा दाखला, जिथे मागितले जाईल तिथे जात वैधता प्रमाणपत्र, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र ही सारी तयारी अकरावीतच सुरू व्हावी. महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचा अर्ज, तसेच शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 2016-17 पासून सुरू असलेली स्वाधार योजना, यांची माहिती कार्यालयाच्या फलकावर कायम असावी. चौथी गोष्ट, दर मार्चमध्ये माजी विद्यार्थ्यांनी येऊन एक लुटुपुटीची चाचणी घ्यावी. तीन अनोळखी माणसांसमोर बसून ‘पढंत करा’ हे शब्द मुलांनी पहिल्यांदा इथे, आपल्या माणसांच्या तोंडून ऐकावेत.

राहिला पालकांचा प्रश्न, जो बहुतेक जण भिडेपोटी विचारत नाहीत: याने पोट भरेल का? प्रामाणिक उत्तर हे की खात्री देता येत नाही. शाळांत संगीतशिक्षकांच्या जागा थोड्या आहेत. आकाशवाणीची श्रेणी मिळवणे कठीण आहे. साथसंगतीचे मानधन आज असते, उद्या नसते. नेट वा सेट होऊन प्राध्यापक होण्याची वाट लांब आहे. म्हणून माझा आग्रह असा की पदवी सोडून नुसते कार्यक्रम करत फिरण्याचा मोह मुलांनी आवरावा. कोणत्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी असली की राज्यसेवेच्या परीक्षेलाही बसता येते. संगीताची पदवी त्याला अपवाद नाही. शक्य असेल तिथे संगीताबरोबर मराठी, इतिहास वा इंग्रजीसारखा विषय जोडून घ्यावा. संगीताची निवड म्हणजे बाकी सर्व दारे बंद, असे समजण्याचे कारण नाही. आणि दुसरीकडे, मुलाला इच्छेविरुद्ध अभियांत्रिकीच्या वर्गात बसवून तीन वर्षांनी घरी परत आणण्याचा खर्चही पालकांनी हिशेबात धरावा.

तो मुलगा दिवाळीपासून दर रविवारी माझ्याकडे येतो. तीनतालाची पढंत आता तो दुगुणीत बिनचूक करतो. कायद्याचे पलटे अजून अडखळतात. झपतालात तो तिसऱ्या विभागाला घाई करतो. केरव्याची सवय इतक्या लवकर कशी सुटेल? ही स्मरणिका आपल्या हाती येईल तेव्हा त्याची चाचणी तोंडावर आलेली असेल. त्याला घेतील की नाही, हे मला माहीत नाही. या वर्षी नाही घेतले, तर तो पुढच्या वर्षी पुन्हा जाईल, आणि या वेळी जिना उतरताना आपल्याला काहीच येत नाही, असे त्याला वाटणार नाही. एवढी जबाबदारी मी त्याच्या आईला शब्द देऊन घेतली आहे.

पण दर रविवारी एकच मुलगा येतो आणि वसतिगृहात असे सात-आठ हात तरी आहेत. शाळेत तबल्याची एकच जोडी आहे आणि तिच्या डग्ग्याची पुडी फाटली आहे. आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर एखादी जोडी, एखादी पेटी कापडात गुंडाळून पडून असेल, तर ती शाळेच्या कार्यालयात आणून द्यावी. कशीही असली तरी चालेल. पुडी बदलून घेण्याचे काम माझ्याकडे.